सोलापुरात सुलेखन करताय? या चुका टाळा

दुकानांच्या, मंडळांच्या, सोसायट्यांच्या पाट्यांवर ‘सिध्देश्वर’ असं किती ठिकाणी लिहिलंय, ते एकदा फिरून मोजा. आधी द, मग ध, म्हणून ‘सिद्धेश्वर’. फ्लेक्सवाल्याचं एक वेळ सोडून देऊ. पण ज्याने कार्डावर ‘सुलेखनकार’ छापलंय, त्याने ग्रामदैवताच्याच नावात घोळ घातला, तर पुढचे फटकारे कितीही देखणे असले तरी जाणतं गिऱ्हाईक तिथेच हात आखडतं.

या कामात चूक दिसते एकीकडे आणि असते त्याच्या एक पायरी मागे. रेघ फाटली की पेनाला दोष दिला जातो, पण बिघाड कागदात असतो. गिऱ्हाईक पैशावरून भांडतं, कारण कामाआधी काहीच लिहून घेतलेलं नसतं. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी ती मागची पायरी शोधली आहे.

रेघ बिघडली, तर आधी काय तपासायचं

रेघेच्या दोन्ही कडांना केस फुटल्यासारखे दिसले, तर दोष कागदाचा. झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद शाई शोषतो आणि ती धाग्यांमधून पसरते. सरावाला १०० जीएसएमचा गुळगुळीत कागद घ्या, गिऱ्हाईकाच्या कामाला ३०० जीएसएमचा. कागद बदलणं शक्यच नसेल, तर शाईच्या छोट्या बाटलीत डिंकाच्या पातळ पाण्याचे एक-दोन थेंब टाकून पाहा. जास्त टाकले तर शाई टोकातून उतरणारच नाही.

एकच कड फाटकी आणि दुसरी सुरीसारखी स्वच्छ असेल, तर टोक कागदावर सपाट टेकत नाहीये. मनगट एका बाजूला कलंडलं की असं होतं. रेघेच्या मध्ये पांढरे ठिपके राहत असतील, तर हात वेगात चाललाय, शाई कमी आहे किंवा कागदाला हाताचं तेल लागलंय. हाताखाली कोरा कागद ठेवायची सवय लावली की यातलं तिसरं कारण उरत नाही.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि डोक्यावर पंखा पाचवर. अशा हवेत शाई टोकावरच वाळते आणि दुसऱ्या शब्दापाशी रेघ तुटते. पंखा बंद करा किंवा बाजूला बसा. कूलर लावून सुटका होईल असं वाटतं, पण कूलरची दमट हवा कागदात शिरते आणि कागद लाटेसारखा उठतो. उन्हाळ्यात मोठं काम पहाटे किंवा रात्री उरकणं बरं.

पोस्टर कलर दुधाइतका पातळ हवा. दह्यासारखा घट्ट ठेवला तर वाळल्यावर तडे जातात. काळ्या कागदावर पांढरा रंग राखाडी दिसला, तर तो फार पातळ झालाय. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ते रंगात मिसळू नका, वाळल्यावर पांढुरकी झाक येते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळतं, ते वापरा. आणि वॉटरप्रूफ इंडिया इंक फाउंटन पेनात किंवा पायलट पॅरलल या सुलेखनाच्या पेनात कधीच भरू नका. त्या शाईतली लाख आत सुकते आणि मग पेन वाचवणं अवघड.

इंग्रजीचं टोक देवनागरीला धरणं

बहुतेकांची सुरुवात इथे चुकते आणि पुढे वर्षानुवर्षं ‘अक्षरात काहीतरी कमी आहे’ असं वाटत राहतं. रोमन, म्हणजे इंग्रजी अक्षरात पेनाच्या चपट्या टोकाची कड डावीकडून खालून उजवीकडे वर चढते, म्हणून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते. देवनागरीत हे उलटं. टोकाची कड डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरते, साधारण ४५ अंशांत, आणि डावीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते. रोमनच्या कलाने धरलेल्या पेनाने काढलेला ‘व’ पाहा. त्याचं पोट नको तिथे जाड आणि हवं तिथे बारीक दिसतं. सरळ टोकाचं पेन असेल, तर कागद किंवा मनगट वळवून हा कोन साधावा लागतो. बोरू किंवा बांबूची काडी स्वतः तासणार असाल तर टोकच त्या तिरकेपणाने कापा. ब्लेड नवं असू द्या. जुन्या ब्लेडने कड चिरडते आणि तीच चिरड प्रत्येक रेघेत उमटते.

माप टोकाच्या रुंदीवर ठरतं. शिरोरेषेपासून खाली अक्षराचं अंग टोकाच्या पाच पट, वर वेलांटी-मात्रांना अडीच पट आणि खाली उकारांना तितकंच, या हिशेबाने सुरुवात करा. ५ मिलिमीटरचं टोक असेल तर अंग २५ मिमी, वर आणि खाली साडेबारा-साडेबारा, म्हणजे एका ओळीला ५० मिमी. हा हिशेब न करता लिहिलं की वरच्या ओळीतल्या ‘पू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘की’च्या वेलांटीत अडकतो. मग वेलांटी ठेंगणी करायची वेळ येते आणि आख्खी ओळ आखडते.

सराव अ आ इ ई या क्रमाने करू नका. घडणीप्रमाणे गट करा: ग न म भ, मग व ब क, मग प ष फ, मग ट ठ ढ द. एका गटात एकच वळण पुन्हा पुन्हा येतं आणि हाताला तेच हवं असतं. त्याआधी रोज २० मिनिटं नुसता दंड (उभी रेघ), आडवी, तिरपी आणि अर्धवर्तुळ. कंटाळवाणं आहे, पण याला पळवाट नाही.

अक्षरांमधली जागा पट्टीने मोजली तर चुकते, कारण ‘र’ आणि ‘ठ’ यांच्याजवळ दंड नसतो आणि तिथे पोकळी मोठी दिसते. शब्द उलटा धरून पाहा. वाचता येईनासं झालं की पोकळ्या लगेच डोळ्यात भरतात.

देखणं पण चुकीचं

शिरोरेषा शब्दाच्या शेवटी एका फटक्यात ओढायला मजा येते. तिथेच भ, ध आणि थ यांच्या डोक्यावरची तुटकी जागा बुजते. ‘भरत’चा ‘मरत’ होतो आणि ‘धनश्री’ची ‘घनश्री’. लग्नपत्रिकेत असं झालं तर समोरच्याला समजावायला जाऊ नका, नवीन करून द्या.

रफाराचंही असंच. ‘आशीर्वाद’मधला रफार ‘वा’वर असतो. ‘आर्शिवाद’ लिहिणाऱ्यांची संख्या पाहता ही चूक हाताच्या सवयीची दिसते, अज्ञानाची कमी. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. सत्काराच्या मानपत्रात ही अदलाबदल झाली की सभागृहात खसखस पिकते. ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी आहेत, आणि राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही त्यांना स्थान आहे. संदर्भासाठी संगणकावर शब्द टाइप करता तेव्हा भाषा हिंदी असेल, तर अनेक फॉन्ट हिंदी वळणाचे ल-श दाखवतात आणि तेच नकळत कागदावर उतरतात. भाषा मराठी ठेवा.

या शहराची आणखी एक खास अडचण आहे. इथलं गिऱ्हाईक मराठीपुरतं नसतं. पद्मशाली घरातली पत्रिका तेलुगूत हवी असते, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये, आणि उर्दूचीही मागणी येते. गुगलवरून शब्द घेऊन त्याचं चित्र काढणं ही इथली नेहमीची चूक. तेलुगू आणि कन्नडला शिरोरेषा नाही आणि जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली जातं, म्हणून खालची जागा देवनागरीपेक्षा बरीच जास्त सोडावी लागते. उर्दूची नस्तालीक ही लिहिण्याची शैली तर उजवीकडून डावीकडे, उतरत्या चालीची, आणि तिचं माप टोकाने काढलेल्या चौकटीच्या आकाराच्या नुक्त्यांवर (ठिपक्यांवर). ती वर्ष-दोन वर्षं गुरूकडे बसल्याशिवाय घेऊ नका. बाकी दोन लिप्यांचं काम घेतलं, तर अंतिम प्रत ती भाषा वाचणाऱ्या माणसाच्या हातून तपासून घ्या आणि त्याचे पैसे दरातच धरा.

सगळ्यांची अक्षरं एकसारखी

सुलेखनकार अच्युत पालवांचे ब्रशचे मुक्त फटकारे पाहून अनेक जण तिथूनच सुरुवात करतात. त्या मोकळेपणामागे मोडी लिपीचा अभ्यास आहे, हे लक्षात घेतलं जात नाही. कमल शेडगेंनी नाटकांची शीर्षकं करताना नावागणिक अक्षराचा स्वभाव बदलला. र. कृ. जोशींनी तर अक्षराकडे रचनाकाराच्या नजरेने पाहिलं. संगणकावरचा ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. या तिघांपैकी एकाचीच नक्कल केली, तर तुमचं काम त्यांचंच स्वस्त रूप ठरतं. त्यापेक्षा जुन्या हस्तलिखित पोथ्यांचं बोरूचं वळण आणि मोडीचे दप्तर-कागद समोर ठेवून सहा महिने सराव करा. आपली शैली शोधायला बसलं की मिळत नाही. ती सरावातच कुठेतरी दिसू लागते.

कागदावरून फ्लेक्स, टॉवेल आणि चादर

मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून ‘याचाच फ्लेक्स करा’ म्हणाल, तर कडा दातेरी येणारच. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. मूळ काम ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा, व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी फाइल करून घ्या आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १० बाय ८ फुटांच्या फ्लेक्सला व्हेक्टरशिवाय पर्याय नाही. व्हेक्टर करताना सॉफ्टवेअर कडा नको तितक्या गुळगुळीत करतं आणि बोरूचा खरखरीतपणा निघून जातो. तो हवा असेल तर नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, हाताने ठीक करा.

कापडाची गोष्ट वेगळी. जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलं की अक्षर चौकोनी ठिपक्यांत मोडतं. एका इंचात किती धागे बसतात, हे कारखानदाराला आधी विचारा आणि सर्वांत बारीक रेघ किमान तीन धाग्यांची ठेवा. कागदावरची केसासारखी शेपटी चादरीवर तुटक दिसते. टेरी टॉवेलच्या फुगीर धाग्यांत तर बारीक रेघ दिसेनाशीच होते. तिथे अक्षर सपाट विणलेल्या काठावर घ्या.

दर सांगताना

‘एका शब्दाचे किती?’ या प्रश्नाला लगेच आकडा सांगणं ही मोठी चूक. आधी वेळ मोजा. २०० पाकिटांवर नावं लिहायची आणि एका पाकिटाला ३ मिनिटं, म्हणजे सलग १० तास. हात इतका सलग चालत नाही, म्हणून तीन दिवस धरा. वीसातलं एक पाकीट खराब होतं असं समजून १० पाकिटं जास्त मागून घ्या. नावांची यादी टाइप केलेली घ्या, हाताने लिहिलेली नको; ‘कुलकर्णी’चं ‘कुळकर्णी’ झालं तर ते कोणाचं, यावर वाद नको.

अर्धे पैसे आधी. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, त्यापुढे वेगळा दर. आणि काम कुठे वापरणार, ते विचारा. घराच्या पाटीवरचं नाव आणि पाकीटबंद शेंगा चटणीवरचं नाव यांचा दर एक असू शकत नाही, कारण दुसरं हजारो पाकिटांवर जातं. मकर संक्रांतीची गड्डा यात्रा, शिवजयंती, गणपती या काळात मागणी एकदम येते. डिसेंबरमध्येच तयारी नसेल, तर जानेवारीत ‘उद्या पाहिजे’वाल्यांकडून घाईचे पैसे न घेता काम घेतलं जातं.

नाव आणि हक्क

‘अक्षर’, ‘सुलेखन’, ‘कॅलिग्राफी’ यांना शहराचं नाव जोडून केलेला ब्रँड तुमचा होणं कठीण. वर्णन करणाऱ्या आणि स्थळ दाखवणाऱ्या शब्दांना ट्रेडमार्क सहसा नाकारला जातो. ‘सोलापुरी चादर’ तर भौगोलिक निर्देशांकाखाली (जीआय, म्हणजे ठरावीक ठिकाणच्या मालाचं राखीव नाव) आहे, ती स्वतःच्या छापात कशीही वापरता येत नाही. आधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा, मग सोशल मीडियावर. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा आणि पाटी, खातं, पावती सगळीकडे तेच ठेवा. अर्ज वर्गवार असतो: छापील कामाला १६, कापडी वस्तूंना २४, कपड्यांना २५, शिकवणीला ४१. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षांची असते आणि नूतनीकरण होतं. सगळेच वर्ग एकदम घेऊ नका. ज्यातून आज पैसे येतात तो घ्या.

कॉपीराइट देताना लेखी करार करा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. यंत्रमागावर जाणाऱ्या कामात याहून मोठा खड्डा आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखं काम नोंदवलं नाही आणि तुमच्या परवानगीने त्याच्या ५० हून जास्त वस्तू यंत्रावर निघाल्या, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. चादरीचा पहिला लॉटच त्याहून मोठा असतो. डिझाइन नोंदणीला काम आधी कुठेही प्रसिद्ध झालेलं चालत नाही, म्हणजे नमुना इन्स्टाग्रामवर टाकलात की अडचण सुरू. आधी अर्ज करा, मग कारखानदाराला नमुना द्या आणि पोस्ट सर्वांत शेवटी.