पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन: या चुका टाळा (आणि त्या एक टप्पा मागे शोधा)

पहिली ट्रायथलॉन करून आलेल्या कुणालाही विचारा, ‘कशी झाली?’ उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: ‘पोहणं कसंबसं उरकलं, सायकल झकास झाली, पळताना मात्र पाय गेले.’ मग तो गडी पुढचे दोन महिने इमानेइतबारे पळण्याचा सराव वाढवतो. मीही वाढवला होता. पुढच्या स्पर्धेत पाय बरोबर त्याच जागी गेले. कारण पळण्यात काही बिघडलेलंच नव्हतं, बिघडलं होतं ते त्याआधीच्या ‘झकास’ सायकलवर.

या खेळाची खोडच ही आहे. चूक एका टप्प्यात होते आणि दुखतं पुढच्या टप्प्यात. म्हणून इथे तक्रारी उलट्या क्रमाने घेतो, शेवटापासून मागे.

अंतरं माहीत नसतील त्यांच्यासाठी: स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. २००० साली सिडनीत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलेली ट्रायथलॉन याच्या बरोबर दुप्पट असते. नवख्याला स्प्रिंटला दीड तास लागतो, कुणाला दोन. हा वेळ लक्षात ठेवा, खाण्याचं सगळं गणित त्यावर आहे.

पळताना पाय लाकडाचे होतात

पहिला संशयित जड गिअर. नवख्या माणसाला वाटतं, पेडलवर जितका जोर तितका वेग. मग तो मिनिटाला साठ-पासष्ट फेऱ्या मारत, प्रत्येक फेरीला मांडीचा जीव काढत वीस किलोमीटर कापतो. वेग दिसतो चांगला, पण पळायला लागणारे स्नायू सायकलवरच खर्ची पडलेले असतात. गिअर हलका करा आणि पाय मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरू द्या. मोजायला यंत्र नको. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा, २० ते २२ आलं की झालं. सुरुवातीला आपण उगाच पाय गरागरा फिरवतोय असं वाटेल, तीन आठवड्यांत सवय होते. शेवटच्या किलोमीटरला आणखी एक गिअर हलका करा.

सीट फार खाली असेल तरी मांड्या अशाच भरून येतात, वर गुडघाही कुरकुरतो. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पाऊल नेहमीच्या जागी आणलं की हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

दुसरा संशयित: सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा सरावच केलेला नसणं. याला ‘ब्रिक’ म्हणतात, आणि पहिल्यांदा केल्यावर पायांना विटा बांधल्यासारखं वाटतं हे खरंच आहे. आठवड्यातून एकदा पुरे. अर्धा-पाऊण तास सायकल, ती भिंतीला टेकवायची, बूट बदलायचे आणि फोनकडे न बघता निघायचं. दहा मिनिटं बस. दर वेळी पूर्ण पाच किलोमीटर पळणारे मला भेटलेत, त्यातले निम्मे दुखावलेलेही भेटलेत. एक गंमत इथे कळते: सायकलच्या वेगानंतर पळण्याचा वेग फार कमी वाटतो, प्रत्यक्षात तो नेहमीपेक्षा जास्त असतो. म्हणून पहिला किलोमीटर मुद्दाम आवरता घ्या.

नडगी दुखत असेल तर मात्र ‘चूक मागच्या टप्प्यात’ हा नियम लागू नाही, ती चूक पळण्यातलीच. पोहणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना हा त्रास हमखास होतो, कारण छाती आधीच तयार असते. दम लागत नाही म्हणून ते पळत सुटतात, पण नडगीच्या हाडाला आणि घोट्याच्या स्नायुबंधांना त्या धक्क्यांची सवय व्हायला महिने लागतात. अंतर हळूहळू वाढवा. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

सायकलवर बसतानाच धाप लागलेली असते

इथे दोष पोहण्याचा, त्यातही पहिल्या शंभर मीटरचा. ‘तलावात हजार मीटर आरामात पोहतो, मोकळ्या पाण्यात शंभरातच घुसमटलो’ ही तक्रार इतक्यांकडून ऐकली आहे की तिच्यावर थोडं सावकाश बोलतो.

घुसमट होते तेव्हा माणसाला वाटतं हवा कमी पडली. बहुतेकदा हवा आत अडकलेली असते. घाबरलेला माणूस पाण्यात तोंड घातलं की श्वास रोखून धरतो. मग तोंड वर काढल्यावर त्याच अर्ध्या क्षणात जुना श्वास सोडायचा आणि नवा घ्यायचा, दोन्ही करू पाहतो. जुना पुरता निघत नाही, नवा पुरता जात नाही. शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि ‘आता जीव जातो’ ही भावना मुख्यतः तोच निर्माण करतो. उपाय अगदी बाळबोध आहे. छातीभर पाण्यात उभं राहा, तोंड पाण्यात घाला आणि ‘हंऽऽ’ असा हुंकार देत नाकातून बुडबुडे सोडा. हुंकार संपला की तोंड बाजूला वळवून श्वास घ्या, पुन्हा हुंकार. बुडबुडे सलग यायला हवेत, मध्ये तुटले की तुम्ही श्वास धरताय. हे वीस वेळा झालं की पोहायला लागा. मोठ्या माणसाला हे करायला लाज वाटते. मलाही वाटली होती, म्हणून मी पहाटे कुणी नसताना करायचो.

बाकीच्या गोष्टी पटापट. सुरुवातीला घोळक्याच्या मध्ये उभं राहू नका. बाजूला किंवा मागे राहा आणि सगळे सुटल्यावर दहा सेकंद थांबून निघा. गार पाण्यात शिरल्यावर पहिलं मिनिट-दोन मिनिटं श्वास आपोआप जोरात चालतो, तेव्हा वेग घेऊ नका. सहा-आठ हातांमागे एकदा मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघा, अख्खं डोकं काढलंत तर पाय बुडतात. लाथा कमी मारा, त्या पायांना पुढे बरंच काम आहे. घाबरायला झालं तर उताणे व्हा किंवा बचाव नावेला धरून थांबा. तिचा आधार घेऊन पुढे सरकला नाहीत तर साधारणपणे बाद करत नाहीत. मोकळ्या पाण्यात सरावाला एकटं जायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी.

कपडे-बूट बदलण्याची जागा

याचा सराव कुणी करत नाही आणि इथेच फुकटची मिनिटं जातात. एकच नियम घोकून ठेवा: हेल्मेट डोक्यावर, पट्टा बंद, मगच सायकलला हात. उलट केलं तर दंड होऊ शकतो. सायकलवर ठरलेल्या रेषेपलीकडे गेल्यावरच बसायचं. कानात गाणी लावायची नाहीत. सायकलवर पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला परवानगी आहे की नाही हे तुमच्या स्पर्धेच्या नियमांत आधी वाचा. नवख्यांच्या स्पर्धेत बहुधा नसते.

पोटात कळ, मळमळ, किंवा मध्येच दिवे गेले

खाण्यातली सर्वांत मोठी चूक स्पर्धेच्या दिवशी होतच नाही, ती आधीच्या दोन महिन्यांत होते. ‘एवढा व्यायाम करतोच आहे, तर वजनही उतरवून घेऊ.’ सराव वाढतो, ताट आकसतं. दोन-तीन आठवडे छान वाटतं. मग झोप उडते, चिडचिड होते, सर्दी हटत नाही आणि सोपा सरावही जड जातो. बायकांची पाळी पुढे-मागे होऊ लागली किंवा थांबली तर तो शरीराचा स्पष्ट इशारा आहे, डॉक्टरांना दाखवा. वजन उतरवायचं तर स्पर्धेनंतर उतरवा. तासाभराच्या सरावाच्या दिवशी दर किलो वजनामागे ५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हा हिशेब ठेवायला हरकत नाही. साठ किलोच्या माणसाला म्हणजे ३०० ग्रॅम कर्बोदकं. अन्नाचं वजन नव्हे हं, त्यातल्या कर्बोदकांचं.

याच्या अगदी उलट चूक आदल्या रात्रीची. मॅरेथॉनवाल्यांचं ऐकून लोक पोट फुटेस्तोवर भात-बटाटे खातात. स्नायू आणि यकृत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजन (शरीरातला कर्बोदकांचा साठा) साठवतात, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. स्प्रिंटला हजाराच्या आसपास लागतात. टाकी दोन दिवस नेहमीचं जेवूनच भरलेली असते. वर हा साठा दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो, त्यामुळे सकाळी अंग जड वाटतं ते वेगळंच. आदल्या रात्री नेहमीएवढंच, पण कमी तेलाचं आणि कमी चोथ्याचं जेवा. कच्ची भाजी आणि कडधान्यं त्या एका रात्री बाजूला राहू द्या.

सकाळी सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी केळं, पाव आणि मध असं काहीतरी, दर किलो वजनामागे एक ते दीड ग्रॅम कर्बोदकांच्या हिशेबाने. एवढ्या पहाटे घशाखाली उतरत नसेल तर अर्धंच खा आणि तासभर आधी अर्धं केळं.

आता पळताना बरगडीखाली उठणारी कळ. ही चूक पुन्हा सायकलवरची. तहान पळण्यापूर्वी भागवावी म्हणून सायकलच्या शेवटच्या पाच मिनिटांत बाटली रिकामी केली जाते. ते पाणी पोटात असतं आणि तुम्ही उड्या मारत पळता. पिणं सायकलच्या पहिल्या दोन तृतीयांशातच घोट-घोट उरका. दीड तासाच्या स्पर्धेला सायकलवर २५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं भरपूर झाली. जेल (पाकिटातला घट्ट, गोड पाक) घेणार असाल तर त्यासोबत साधं पाणी प्या, गोड पेय नको. दोन्ही मिळून पोटात इतका घट्ट पाक होतो की तो पुढे सरकत नाही, मळमळ त्यातूनच येते. आणि जेल स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा फोडायचं नाही. ब्रिकच्या दिवशी घेऊन पोट काय म्हणतं ते बघा. कॉफीचंही तसंच.

पाणी किती प्यायचं? तासाभराच्या सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून वजन करा. अर्धा किलो घटलं तर प्यायलात त्यापेक्षा साधारण अर्धा लिटर घाम जास्त गेला. वजन उलट वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय. रक्तातलं सोडियम पातळ होणं हे थोडंसं तहानलेलं राहण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

शेवटचा आठवडा

राहिलेला सराव भरून काढायचा नाही. या सात दिवसांत केलेल्या मेहनतीचा फायदा स्पर्धेनंतर मिळेल, थकवा मात्र आधी. सरावाचे दिवस तेवढेच ठेवा, वेळ निम्मा करा. आदल्या रात्री झोप लागणार नाही हे धरूनच चाला आणि त्याच्या आदल्या रात्री पोटभर झोपा.

सकाळी टायरची हवा, दोन्ही ब्रेक, जादा गॉगल. आणि सायकल लावून निघण्याआधी मागचं चाक उचलून गिअर हलका करून ठेवा. माझ्या पहिल्या स्पर्धेत तो आदल्या संध्याकाळच्या उतारावरचा, सगळ्यात जड तसाच राहिला होता. ओल्या अंगाने, धापा टाकत, रेषेपलीकडे चढाला सायकलवर बसलो आणि पेडल हलेचना. शेजारून एक आजोबा ‘गिअर बघ, गिअर’ म्हणत निघून गेले.