गॅस की कोळसा? ग्रिल घेताना आणि पेटवताना या चुका टाळा

हुरड्याची आगटी पेटवताना आपण किती धीर धरतो! गोवऱ्यांचा जाळ बसू देतो, धूर सरतो, आर लालबुंद होतो, मगच गुळभेंडीची कणसं आत सारतो. तोच माणूस गच्चीवर ग्रिल मांडतो आणि पाचव्या मिनिटाला कोंबडी जाळावर टाकतो. लातूरला आमच्या गच्चीवर पहिल्याच रविवारी मी हेच केलं, वर कोळशावर रॉकेलही ओतलं. तंगड्या बाहेरून काळ्या, हाडाजवळ कच्च्या आणि घासाघासाला रॉकेलचा वास. आईनं एक तुकडा तोंडात घातला अन् गुपचूप भाकरी-ठेचा वाढून घेतला.

म्हणून आधी कोळशाचं. रॉकेल नको, खाली कागद आणि दोन-चार काटक्या, वर कोळसा, आणि सुपाचा वारा. 20 ते 30 मिनिटांनी निखाऱ्यांवर पांढुरकी राख धरली की जाळी चढवायची. सगळा आर एका बाजूला ओढून दुसरी बाजू रिकामी ठेवा. तंगडी आरावर लाल करून घ्या, मग रिकाम्या बाजूला सरकवून वर झाकण. आत कच्चं राहण्याचं दुखणं निम्मं इथंच मिटतं. चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. तुकडा बाजूला घ्या, भडका आपोआप बसतो. आर मधेच मंदावत असेल तर बहुधा खालची भोकं राखेनं बुजलेली असतात. आणि कोळसा लाकडीच हवा. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असतं, त्यावर खायचं काही भाजू नये.

‘खरी चव कोळशाचीच’ एवढ्यावरच ग्रिल घेऊ नका. भाजण्याचा तो खमंग वास बराचसा तापल्या लोखंडावर नाहीतर निखाऱ्यावर पडून जळणाऱ्या चरबीचा आणि मसाल्याचा असतो, आणि तो गॅसवरही येतो. पनीर, कांदा, ढोबळी मिरची दहा मिनिटांत उतरते, तिथं फरक कुणाच्या जिभेला कळणार? तासभर मंद भाजायचं असेल तेव्हा मात्र कोळसा पुढं. गॅसवाल्यांनी हळहळू नये: भाजलेले तुकडे पातेल्यात घ्या, मधे वाटी ठेवा, तीत एक निखारा, त्यावर चमचाभर तूप, वर झाकण. झाला धुंगार.

माझं मत विचाराल तर वर्षातून चार वेळा पाहुणे जमवून भाजणाऱ्यानं कोळसा घ्यावा, दर रविवारी घरच्या चौघांसाठी भाजणाऱ्यानं गॅस. संध्याकाळी कामावरून येऊन अर्धा तास आर फुलवत बसायचा उत्साह दुसऱ्या महिन्यात संपतो. स्वानुभव.

गॅसच्या चुका कमी, पण महाग पडणाऱ्या. झाकण बंद ठेवून पेटवलं तर आत साठलेला गॅस भपकन तोंडावर येतो, झाकण आधी उघडा. हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर घरच्या ग्रिलला जोडू नका. नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. फुगे आले की गॅस गळतोय. ज्योत निळी न येता पिवळी, लवलवती येतेय? बर्नरच्या नळीत कोळ्यानं जाळं केलेलं असू शकतं. पावसाळाभर ग्रिल कोपऱ्यात पडून राहिली असेल तर हे हमखास, बारीक ब्रशनं साफ करा.

काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत दोन्ही नकोत. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपल्यासारखा जातो. गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली फरशीलगत साचतो आणि ठिणगीची वाट बघतो. भाजून झाल्यावर कोळशाची शेगडी ‘विझलीच आहे’ म्हणून घरात आणू नका. राखेखालचा आर सकाळपर्यंत धगधगतो. आगटी उकरून पाहिलेल्याला हे सांगायला नको.