नॉर्वेजियन बोलताना क्रियापद घसरतंय? या चुका टाळा

‘ई दाग याय यॉब्बर.’ म्हणजे आज मी काम करतो. नॉर्वेत वर्षानुवर्षं राहिलेली, नोकरीत मुरलेली आपली माणसंही हे वाक्य बिनदिक्कत बोलतात आणि समोरचा नॉर्वेजियन सभ्यपणे मान डोलावतो. चूक कुणी दाखवत नाही, म्हणून ती पक्की होते. बरोबर वाक्य आहे ‘ई दाग यॉब्बर याय’. (देवनागरीत उच्चार ढोबळच उतरतात, ते नीट कानाने घ्या.)

मराठीत आपण शब्द हवे तसे फिरवतो आणि नॉर्वेजियनकडे येतो इंग्रजीतून. शब्द ओळखीचे वाटले की त्यांचा क्रमही इंग्रजीचाच धरतो. पण या बाबतीत नॉर्वेजियन ही जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश यांच्या रांगेतली भाषा आहे. साध्या विधानात चालवलेलं क्रियापद, म्हणजे ज्यावर काळ दिसतो ते, दुसऱ्या जागी येतं. पहिल्या जागी कर्ता, वेळ, ठिकाण, कर्म यांपैकी काहीही येऊ द्या, पण एकच. कर्ता तिथे नसेल तर तो क्रियापदाच्या मागे जातो. आपल्याकडे काश्मिरीतही मुख्य वाक्यातलं क्रियापद असंच दुसऱ्या जागी येतं, तेव्हा ही काही जगावेगळी गोष्ट नाही.

यावरचा सगळ्यात घातक तोडगा म्हणजे ‘प्रत्येक वाक्य याय, म्हणजे ‘मी’, ने सुरू करा, चुकणारच नाही’. हा सल्ला कोण पसरवतं कळत नाही, पण मला त्याची मनापासून चीड आहे. स्टावांगरमधला एक विद्यार्थी, तेलाच्या कामातला इंजिनियर, हाच सल्ला घोकून माझ्याकडे आला होता. नागरिकत्वासाठी साधारणपणे तोंडी नॉर्वेजियन लागतं. भाषेच्या युरोपीय श्रेणीतली ए-टू पातळी पूर्वी चालायची, ऑक्टोबर २०२२ पासून तिच्या वरची बी-वन लागते. त्याला ती चटकन हवी होती. स्वतःचा दिवस त्याने धडाधड सांगितला: याय उठतो, याय खातो, याय जातो. एकही चूक नाही. मग मी विचारलं, काल संध्याकाळी काय केलंत? ‘ई गोर...’ एवढं म्हणून तो थांबला आणि पुढे ‘याय राइस्ते’ असंच आलं. ‘ई गोर राइस्ते याय’ (काल मी प्रवास केला) त्याच्या तोंडून एकदाही गेलेलं नव्हतं, मग ऐनवेळी येणार कुठून?

त्याला नियम सांगितला. घाई एवढी, की उदाहरणं ऐकायच्या आधीच ‘समजलं, क्रियापद दुसरं’ म्हणून मोकळा झाला. पुढच्या तासाला वहीत होतं: ‘पो मान्दाग स्टार्टर क्लॉक्का ओत्ते कुर्से’. सोमवारी आठ वाजता वर्ग सुरू होतो, असं त्याला म्हणायचं होतं. ‘पो मान्दाग’ झालं की लगेच क्रियापद, हा त्याचा हिशेब. पण ‘सोमवारी आठ वाजता’ ही सगळी मिळून एकच जागा आहे, म्हणून ‘पो मान्दाग क्लॉक्का ओत्ते स्टार्टर कुर्से’. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे. पहिल्या जागेत पाच शब्द असतील, कधी अख्खं उपवाक्य असेल.

उपवाक्य आलं की भलेभले पडतात. ‘नोर याय कॉम्मर येम, याय लागर मात’ हे चूक. घरी आल्यावर मी स्वयंपाक करतो, हे ‘नोर याय कॉम्मर येम, लागर याय मात’ असंच व्हायला हवं. स्वल्पविरामापर्यंतचं सगळं पहिली जागा, त्यामुळे पलीकडे लगेच क्रियापद. बोलताना लोक मध्ये ‘सो’ (मग) घालतात, तरी त्यानंतर ‘लागर याय’ हाच क्रम.

मी विद्यार्थ्यांकडून एकच गोष्ट करून घेते. सुरुवातीचा तुकडा हाताने झाका आणि तिथे ‘दा’, म्हणजे ‘तेव्हा’, ठेवून बघा. ‘दा स्टार्टर कुर्से’, ‘दा लागर याय मात’. जेवढं झाकल्यावर वाक्य उभं राहतं, तेवढी पहिली जागा. मग पेन्सिलीने क्रियापदाला गोल करायचा आणि तेच वाक्य आधी कर्त्याने, मग वेळेने, मग ठिकाणाने सुरू करून मोठ्याने म्हणायचं. मोठ्यानेच. मनातल्या मनात म्हटलेलं तोंडात बसत नाही, आणि मोबाइलवर शब्द सरकवून तर मुळीच नाही.

आता ‘इक्के’, म्हणजे ‘नाही’. आपला ‘नाही’ शेवटी येतो, म्हणून ‘याय स्पीसर फिस्क इक्के’ तोंडात येतं. हवं ‘याय स्पीसर इक्के फिस्क’, म्हणजे मी मासे खात नाही. दोन क्रियापदं असतील तर पहिल्यानंतर: ‘याय हार इक्के स्पिस्त फिस्क’. मात्र कर्म म्हणून जोर नसलेलं सर्वनाम आलं तर ते ‘इक्के’च्या आधी जातं: ‘याय सेर इक्के ऊला’ (मला ऊला दिसत नाही), पण ‘याय सेर हाम इक्के’ (मला तो दिसत नाही).

‘ई दाग ॲर काल्त’ म्हणू नका. मराठीत ‘आज थंडी आहे’ला वेगळा कर्ता शोधावा लागत नाही, नॉर्वेजियनमध्ये मात्र ‘दे’ (ते) लागतोच: ‘ई दाग ॲर दे काल्त’.

‘ओ’ (आणि) व ‘मेन’ (पण) जागेत धरायचे नाहीत. त्यांच्यानंतर मोजणी सुरू.

‘फोर्दी’ने (कारण) सुरू होणाऱ्या उपवाक्यात ‘इक्के’ क्रियापदाच्या आधी: ‘फोर्दी याय इक्के हार तीद’ (कारण मला वेळ नाही). पण त्याच अर्थाचं नुसतं ‘फोर’ वापरलं तर ‘फोर याय हार इक्के तीद’.

‘कान्शे’, म्हणजे कदाचित, हा खरा अपवाद. कदाचित तो येईल, यासाठी ‘कान्शे कॉम्मर हान’ आणि ‘कान्शे हान कॉम्मर’ दोन्ही चालतात.

आणि उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला ‘कूर दू बूर?’ (तू कुठे राहतोस?) ऐकलंत तर गोंधळू नका. उत्तरेकडच्या बोलींत छोट्या प्रश्नशब्दानंतर कर्ता आधी येऊ शकतो. परीक्षेच्या कागदावर मात्र ‘वूर बूर दू?’ लिहा.