परदेशात बनलेली गाडी नागपुरात कधी पोचेल, हे कसं शोधावं

दादाने गाडी बुक केली तेव्हा शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "सर, साडेतीन महिने धरा." चौथ्या महिन्यात त्याचा मेसेज आला, गाडी जहाजात चढली. सोबत जहाजाचं नाव. त्या दिवसापासून आमच्याकडे रात्रीची जेवणं झाली की सगळे मोबाईलवर एक ठिपका बघत बसायचे. ठिपका श्रीलंकेच्या खाली आला तेव्हा वहिनीने दसऱ्याला गाडी आणायचं ठरवून टाकलं, आईने अकोल्याच्या मावशीला बोलावणंही धाडलं. जहाज चेन्नईला लागलं, गाड्या उतरवून निघूनही गेलं. मग कळलं की आमची गाडी त्यात नव्हतीच. ती दोन आठवडे मागून निघालेल्या दुसऱ्या जहाजात होती.

त्या मुलाने खोटं सांगितलं नव्हतं. दादाने घेतलेल्या मॉडेलच्या गाड्या त्या जहाजात आहेत एवढंच त्याला माहीत होतं, आणि आम्ही त्याला पुढचा प्रश्न विचारला नव्हता. दादाची गाडी येईपर्यंत मी ही सगळी साखळी समजून घेतली. प्रत्येक टप्प्यावर एक कागद असतो आणि त्या कागदावर एक नंबर. तो नंबर हातात असला तरच ठिपक्याला अर्थ आहे.

आधी खात्री करा: गाडी अख्खी येणार आहे का?

परदेशी नाव असलेल्या पुष्कळ गाड्या आपल्याकडेच जुळवतात. मर्सिडीज चाकणला, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ, ऑडी छत्रपती संभाजीनगरला. सुटे भाग कंटेनरमधून येतात आणि गाडी इथे उभी राहते. तुमचं मॉडेल असं असेल तर समुद्रात शोधण्यासारखं काही नाही. कारखान्यातून गाडी कधी सुटणार एवढंच विचारायचं. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न हा करा: "आमची गाडी सीबीयू आहे की सीकेडी?" सीबीयू म्हणजे पूर्ण बनून आलेली, सीकेडी म्हणजे इथे जुळवलेली. एकाच मॉडेलचा एक प्रकार इथे जुळवलेला आणि दुसरा थेट आयात केलेला, असंही असतं. तेव्हा उत्तर तुमच्या बुकिंग फॉर्मवरच्या नेमक्या प्रकाराबद्दल घ्या.

चेसिस नंबर पडला का?

शोरूमच्या भाषेत हा सगळ्यात मोलाचा प्रश्न. बुकिंग नंबर हा तुमचा आणि शोरूमचा आपसातला व्यवहार. जहाज कंपनी, कस्टम्स किंवा ट्रेलरवाला त्याला ओळखत नाही. ते ओळखतात १७ अक्षरांचा चेसिस नंबर, म्हणजेच व्हीआयएन. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कोणी फोनवर "ओ" सांगितलं तर ते शून्य समजा आणि नंबर लेखी मागून घ्या. सुरुवातीची तीन अक्षरं उत्पादक कंपनीची ओळख देतात. गाडी शेवटी कुठे जुळवली, हे मात्र नुसत्या त्यावरून ठरवू नका.

नंबर पडला म्हणजे गाडी बनली किंवा बनायला घेतली आहे. पण तो नंबर तुमच्या नावावर अलॉट झालाय की शोरूमच्या एकूण कोट्यात आहे, हे वेगळं विचारावं लागतं. आमचं घोडं इथेच अडलं होतं. ईमेलवर साधं एक वाक्य मागा: अमुक बुकिंगला अमुक चेसिस नंबर अलॉट केला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा पुरे समजू नका.

जहाज: नाव नको, आयएमओ नंबर घ्या

अशा गाड्या बहुतेक वेळा रो-रो जहाजातून येतात. बहुमजली पार्किंग तरंगत असावं तशी ही जहाजं. गाड्या चालवत आत नेतात आणि बंदरावर चालवतच बाहेर काढतात. मोठ्या जहाजात पाच-सात हजार गाड्या मावतात. या जहाजांची नावं एकमेकांसारखी असतात आणि बदलतातही. बदलत नाही तो सात अंकी आयएमओ नंबर. शोरूमकडून तो घ्या, जमलं तर बिल ऑफ लेडिंगचा नंबरही. हा कागद म्हणजे जहाज कंपनीने माल ताब्यात घेतल्याची पावती. काही जहाज कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हा नंबर टाकला की माल कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं, काही ठिकाणी चेसिस नंबरही चालतो. वाटेत एका जहाजातून दुसऱ्यात गाड्या हलवल्या जातात तेव्हा ही नोंद फार कामाची, कारण नकाशावरचं पहिलं जहाज तेव्हा वेगळ्याच देशाला निघालेलं असतं.

मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडरवर आयएमओ नंबर टाकला की ठिपका दिसतो. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टनांवरच्या जहाजांना आपली जागा रेडिओवरून सतत कळवावीच लागते; एआयएस म्हणतात त्या व्यवस्थेला. पण किनाऱ्यावरच्या यंत्राला ही हाक साधारण ४० ते ५० सागरी मैलांपर्यंतच ऐकू येते. भर समुद्रातली जागा उपग्रहावरून मिळते आणि ती बहुधा पैसे भरणाऱ्यांनाच दाखवतात. म्हणून फुकटच्या नकाशावर ठिपका चार-चार दिवस अरबी समुद्रात थिजल्यासारखा दिसला तर घाबरू नका. ठिपक्यावर बोट ठेवून शेवटची नोंद किती तासांपूर्वीची आहे ते वाचा.

'डेस्टिनेशन' हा रकाना जहाजावरचा माणूस हाताने भरतो, त्यामुळे तो कधीकधी मागच्याच बंदराचा राहिलेला असतो. तिथे बंदराचा पाच अक्षरी कोड असतो. आय-एन ने सुरू झाला तर भारत. पुढे बी-ओ-एम असेल तर मुंबई, एम-ए-ए असेल तर चेन्नई, एन-एस-ए असेल तर न्हावाशेवा. आपल्याआधी जहाज आणखी दोन-तीन बंदरांना थांबणार असेल तर तारीख सरकतेच. युरोपातून येणाऱ्या गाडीची वाटही विचारून घ्या. १९ नोव्हेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी ताब्यात घेतलेलं 'गॅलॅक्सी लीडर' हे गाड्या वाहणारंच जहाज होतं. त्यानंतर अनेक कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, आणि त्या वळशाने दहा ते चौदा दिवस वाढतात.

जहाज लागलं, आता काय?

इथे बहुतेकांचा धीर सुटतो, आणि खरी वाट पाहणं इथूनच असतं. गाडी उतरली म्हणजे सुटली नव्हे. आयातदार बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा तपशील देणारा कस्टम्सचा फॉर्म भरतो, शुल्क भरलं जातं, तपासणी होते आणि शेवटी कस्टम्स 'आउट ऑफ चार्ज', म्हणजे गाडी सोडायची परवानगी देतं. त्याआधी गाडी बंदराबाहेर पडू शकत नाही. बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर, तारीख आणि बंदर माहीत असेल तर आइसगेट या सरकारी संकेतस्थळावर तिची स्थिती कोणालाही पाहता येते. पण आयातदार तुम्ही नसता, बहुधा कंपनी असते, आणि एका बिलात बऱ्याच गाड्या असू शकतात. त्यामुळे शोरूम नंबर द्यायला कचरेल. तरी हरकत नाही. तारखेवरून वाद घालण्यापेक्षा एवढंच विचारा: "आउट ऑफ चार्ज झालं का, आणि कोणत्या तारखेला?" हो किंवा नाही एवढंच उत्तर असलेला प्रश्न टाळता येत नाही.

पुढे गाडी कंपनीच्या यार्डात जाते. तिथे धुणं, तपासणं, लांबच्या प्रवासात उतरलेली बॅटरी चार्ज करणं, काही राहिलं असेल तर बसवणं होतं. मग शोरूमच्या नावाने बिल फाटतं. "गाडी बिल झाली" हे शब्द ऐकले की नागपूर जवळ आलं समजा.

बंदरापासून नागपूरपर्यंत

मुंबईकडून येणारा ट्रेलर समृद्धीवरून येईल. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून भिवंडीजवळचं आमणे ते नागपूर असा ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता आहे. चेन्नईहून निघालेला हैदराबाद, आदिलाबाद, पांढरकवडा, हिंगणघाट करत बुटीबोरीला येतो. रस्त्यापेक्षा ट्रेलर भरण्यातच जास्त दिवस जातात; विदर्भाकडच्या पुरेशा गाड्या जमेपर्यंत एकट्या गाडीसाठी ट्रेलर सहसा सोडत नाहीत.

या टप्प्यावर ई-वे बिल मागा. ५० हजार रुपयांवरचा माल हलवताना ते लागतं आणि त्यात ट्रेलरचा नंबर असतो. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत धरतात, म्हणजे मुंबई-नागपूरला चार-पाच दिवस. मुदत संपत आली आणि ट्रेलरचा पत्ता नाही, तर फोन करायला तुमच्याकडे ठोस कारण आहे.

पैसे केव्हा द्यायचे

जहाज लागल्याबरोबर शोरूम उरलेली रक्कम मागेल. बँकेला कर्ज तेव्हाच सोडायला सांगू नका. गाडी बंदरात उभी आणि व्याज तुमच्या डोक्यावर, असं होतं. दादाने बंदरातूनच पूर्ण पैसे भरले आणि गाडी हातात येण्याआधीच कर्जाचा एक हप्ता गेला. मला ते अजूनही लागतं, कारण थोडं थांबला असता तरी काही बिघडणार नव्हतं.

गाडी शहराबाहेरच्या यार्डात उतरली की दिवसाउजेडी स्वतः जा. विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातला चेसिस नंबर ईमेलमधल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा, नंतर बिलाशी. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २४२५ म्हणजे टायर २०२५ मधल्या चोविसाव्या आठवड्यात बनला. मीटरवर किती किलोमीटर आहेत ते बघा. बंपरची खालची कड आणि चाकांच्या रिंगा हात फिरवून तपासा, गाड्या बांधताना-उतरवताना ओरखडे तिथेच पडतात. काही सापडलं तर फोटो काढून तिथल्या तिथे लेखी नोंद करून घ्या.

सगळं जुळलं की उरलेले पैसे, विमा आणि आरटीओचे कागद. शहरात असाल तर पत्त्याप्रमाणे एमएच-३१ किंवा एमएच-४९, ग्रामीणला एमएच-४०. नंबर हातात आला की टेकडीच्या गणपतीला कोणत्या दिवशी जायचं ते ठरवा, आणि मावशीला फोन त्यानंतर करा.