काळजीच्या दिवशी तेरावे स्तोत्र कसे प्रार्थावे

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, यंत्रमागाची पाळीही बदलते. म्हणून प्रार्थनेची वेळ घड्याळाला नको, पहिल्या चहाला बांधा. १० मिनिटे पुरतात.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले १३ वे स्तोत्र काढा. सहाच वचने, मोठ्याने, सावकाश दोनदा वाचा. पहिल्या दोन वचनांत मूळ हिब्रूत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. इथे थांबा, आपली काळजी नावानिशी सांगा: थकलेला हप्ता, आईचा ताप. बहुतेकांचे इथेच चुकते. गाऱ्हाणे म्हणजे अविश्वास समजून ते थेट भरवशाच्या पाचव्या वचनाकडे धावतात, आणि भरवसा ओठांवरच राहतो. गाऱ्हाणे देवाकडेच नेणे हाच भरवसा!

तिसऱ्या-चौथ्या वचनाशी एकच मागणे मागा. शेवटची दोन मनातून येत नसतील तर नुसती वाचा. उद्या पुन्हा हेच स्तोत्र, आठवडाभर.