वाचाउपचार सुरू करताना: ठाणे आणि नवी मुंबईतील कुटुंबांसाठी

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी त्याच्या तोंडून एकही अर्थपूर्ण शब्द येत नसेल, किंवा दोन वर्षांनंतरही ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द ते जोडत नसेल, तर वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. आधी बोलत असलेले शब्द बोलेनासे झाले असतील तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते आणि काही मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. मात्र कोणते मूल आपोआप बोलू लागेल आणि कोणते नाही, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. वेखंड उगाळून चाटवण्यात किंवा जिभेखालची शीर कापून घेण्याच्या चर्चेत गेलेले महिने परत मिळत नाहीत. त्या शिरेमुळे क्वचित काही उच्चारांना अडथळा येतो, पण भाषा उशिरा येण्याचे कारण ती सहसा नसते.

पहिली पायरी कानाची. मागे उभे राहून थाळी वाजवल्यावर मूल दचकले म्हणजे त्याला ऐकू येते, असे समजणे चुकीचे आहे. मोठा आवाज कळणाऱ्या मुलाला ‘स’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी मुळीच ऐकू येत नसतील, असे होऊ शकते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचल्यामुळेही ऐकणे मंदावते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) यांच्याकडून ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि गरजेप्रमाणे बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) ही तपासणी करून घ्यावी. लहान मुलांची बेरा बहुधा झोपेत करतात, त्यामुळे मूल जागे ठेवून न्यावे लागते. घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत रिक्षात गाढ झोपलेले मूल तपासणीच्या दारात टक्क जागे होते, हा अनेक आयांचा अनुभव आहे. प्रवासात त्याला जागते ठेवायला सोबत आणखी एक माणूस असावे.

सेवा कुठे मिळतात, याचा शोध सरकारी व्यवस्थेपासून सुरू करावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे वाढीतल्या अडचणींवर लहानपणीच उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवले जाते. त्याची चौकशी ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात करावी. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी (शिक्षण, प्रशिक्षण व सेवा) केंद्र वाशीत आहे. सखोल तपासणी हवी असल्यास वांद्रे रेक्लमेशन येथील, 1983 मध्ये स्थापन झालेली वाचा व श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था किंवा मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय गाठावे; या दोन्ही ठिकाणी या विषयाचे शिक्षणही दिले जाते. तेथे अनेकदा विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. तरीही आठवड्यातून दोनदा लोकल बदलत मुलाला वांद्र्याला नेणे फार काळ झेपत नाही. म्हणून निदान मोठ्या संस्थेत आणि नियमित उपचार घराजवळ, अशी विभागणी बहुतेकांना सोयीची पडते.

खासगी वाचाउपचार तज्ज्ञ (थेरपिस्ट) निवडताना पदवी आणि नोंदणी विचारण्याचा संकोच करू नये. बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी ही श्रवण व वाचा-भाषा विषयातील पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक या दोन गोष्टी असाव्यात; क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, सत्र चालू असताना पालकांना खोलीत बसू देतात का. दार लावून घेऊन पाऊण तासाने मूल परत देणाऱ्या आणि ‘छान चालले आहे’ एवढेच सांगणाऱ्या ठिकाणी पैसे जातात, पण आई-वडिलांना काही येत नाही. आठवड्याच्या दोन सत्रांत मूल दीड तास थेरपिस्टजवळ असते, उरलेला सगळा वेळ घरच्यांजवळ. तेव्हा घरच्यांना शिकवणारा थेरपिस्टच निवडावा.

पहिल्या भेटीला जाताना मूल बोलते त्या शब्दांची, त्याच्या उच्चारासह, यादी आणि घरात खेळतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ न्यावेत, कारण अनोळखी खोलीत मूल गप्प बसते.

भाषेच्या प्रश्नावर सर्वांत जास्त चुकीचा सल्ला मिळतो. घरी मराठी, सोसायटीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाला बोलायला उशीर झाला, की ‘घरी फक्त इंग्रजीच बोला’ असे सांगणारे शेजारी, शिक्षक आणि कधीकधी तज्ज्ञही भेटतात. एकाहून अधिक भाषा ऐकल्यामुळे भाषेचा विकार होत नाही. ज्या भाषेत आजी सहज रागावते आणि लाड करते, ती भाषा सोडून आईने शाळकरी इंग्रजीत ‘कम, सिट, ईट’ म्हणत राहिल्यास मुलाला मिळणारी भाषाच आटते. उपचार शक्यतो घरच्या भाषेत व्हावेत. उच्चारांच्या बाबतीत तर मराठी जाणणारा थेरपिस्ट असणे फार उपयोगी पडते. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतील ‘च’ वेगवेगळे आहेत, हे ज्याला ठाऊक नाही तो बरोबर बोललेला शब्दही चुकीचा धरू शकतो. ‘र’, ‘ळ’, ‘ण’ हे ध्वनी मुलांना उशिरा जमतात, त्यामुळे तीन वर्षांचे मूल ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणत असेल तर काळजीचे कारण नाही.

घरचा सराव म्हणजे मुलाला समोर बसवून ‘हे काय आहे, सांग’ अशी उलटतपासणी नव्हे. मटार सोलताना ‘उघड’, ‘आत’, ‘गोल’, ‘पडला’ हे शब्द कृतीसोबत पुन्हा पुन्हा कानावर पडू द्यावेत. आवडीचा खाऊ दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवावा आणि मागण्यासाठी मुलाने बोट, आवाज किंवा शब्द वापरेपर्यंत मनात दहा आकडे मोजत थांबावे. हे थांबणेच घाईच्या मोठ्यांना सर्वांत कठीण जाते. मूल ‘पाणी’ म्हणाले तर ‘गार पाणी’ असे एका शब्दाने वाढवून परत द्यावे. मोबाईलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला असा की, दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक नको.

दोन ते पाच या वयात काही मुले अडखळत बोलू लागतात आणि त्यांतील बहुतेकांचे अडखळणे पुढे थांबते. पण ते काही महिने टिकले, चेहरा आवळला जाऊ लागला किंवा मूल बोलणे टाळू लागले, तर तपासणी करावी.

प्रौढांसाठीही हेच वाचाउपचार तज्ज्ञ असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पक्षाघातानंतर, विशेषतः मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यास, माणसाला शब्द सापडत नाहीत किंवा समोरच्याचे बोलणे नीट कळत नाही. बुद्धी मात्र शाबूत असू शकते. स्वतःच्या मुलाचे नाव न आठवणारे आजोबा पाढे आणि आरती सलग म्हणतात, तेव्हा ते मुद्दाम गप्प बसतात असा घरच्यांचा गैरसमज होतो. पाठ झालेले बोलणे आणि शब्द शोधून केलेले बोलणे मेंदू वेगवेगळ्या वाटांनी हाताळतो. रुग्णालयातून सोडण्याआधीच थेरपिस्टची भेट मागून घ्यावी, कारण पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. चहा-पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा गिळल्यावर आवाज ओलसर येत असेल, तर घोटभर पाणीही बळेच पाजू नये. अन्न-पाणी श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो, आणि गिळण्याची तपासणी हे याच तज्ज्ञांचे काम आहे. घरी बोलताना एका वेळी एकच प्रश्न, टीव्ही बंद, आणि उत्तर हो-नाही किंवा बोटाने देता येईल असे.

खर्चाच्या बाबतीत, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे आणि त्यासाठी यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन करता येतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असल्यास राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचाही समावेश होतो. म्हणून प्रत्येक पावती आणि तारीख घातलेला अहवाल एकाच फाईलमध्ये लावावा, आणि दर तीन महिन्यांनी थेरपिस्टकडून पुढची उद्दिष्टे लेखी मागून घ्यावीत.