फुलोऱ्यातली संजीवकं: आधी अवस्था, मग मात्रा

पिकाला कळी दिसू लागली की संजीवकांची, म्हणजे झाडाची वाढ, फुलं, फळं यांवर थोड्या मात्रेत परिणाम करणाऱ्या द्रव्यांची, चौकशी सुरू होते. फुलगळीला काय मारू, फुगवणीला काय, रंगाला काय? प्रत्येक जण औषधाचं नाव विचारतो. पीक नेमकं कोणत्या अवस्थेत आहे, ते मात्र आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. खरी मेख तिथंच आहे, कारण एकच संजीवक दोन अवस्थांत अगदी उलटं वागतं.

एनएए हे संजीवक घ्या. मिरचीची फुलगळ आणि आंब्याची वाटाण्याएवढी फळं गळणं रोखायला ते 10 ते 20 पीपीएमला (लिटर पाण्यात 10 ते 20 मिलिग्रॅम) वापरतात. सफरचंदात फुलोरा संपल्या संपल्या फवारलं तर तेच एनएए कोवळी फळं गाळतं, आणि विरळणीसाठी मुद्दाम तसं फवारलंही जातं. पुढे काढणी तोंडावर आली की त्याच सफरचंदाची गळ थांबवायला पुन्हा तेच. 2,4-डी आपण तणनाशक म्हणून ओळखतो, पण अगदी थोड्या मात्रेत ते लिंबूवर्गीय फळांची गळ कमी करतं.

दुसरी गोष्ट म्हणजे संजीवकाने झाडाचं पोट भरत नाही. पानांनी तयार केलेलं अन्न कुठं वळवायचं, एवढंच ते ठरवतं. द्राक्षाच्या वेलीवर पानंच पुरेशी नसतील, मुळी चालत नसेल किंवा पीक पाण्याच्या ताणावर असेल, तर मणी फुगतील पण त्यात साखर भरणार नाही. अशा बागेत संजीवकाचा खर्च टाळा, आधी पाणी आणि अन्नद्रव्यं सुधारा.

द्राक्षातलं जीए

जीएवर, म्हणजे जिबरेलिक ॲसिडवर, द्राक्षाइतकं दुसरं कुठलंच पीक अवलंबून नाही. या संजीवकाचा शोध भातावरच्या एका रोगातून लागला. त्या रोगात रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडत. 1926 मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की एका बुरशीनं सोडलेल्या द्रव्यामुळे हे होतं. पेशी लांबवण्याचा तोच गुण आपण घडावर वापरतो.

बिनबियांच्या वाणांत फुलोऱ्यापूर्वी घड पोपटी दिसू लागला की 10 पीपीएमच्या आसपासची फवारणी घडाचा दांडा लांबवते. मणी सुटे होतात, विरळणीची मजुरी वाचते. मणी ज्वारी-बाजरीएवढे झाल्यावर 20 ते 40 पीपीएमच्या द्रावणात घड बुडवले की मणी फुगतो. नेमका आकडा वाणावर आणि हवेवर ठरतो. शेजारच्या बागेचं वेळापत्रक उचलू नका, वाण एकच असला तरी छाटणीची तारीख वेगळी असते.

नुकसान बहुतेक वेळा ‘अजून एक हात मारू’ या मोहातून होतं. जीए जास्त झालं की घडाचा दांडा आणि मण्यांचे देठ जाड, ताठ होतात. बागेत असा घड दणकट दिसतो, पण काढणीनंतर पेटीत त्याचेच मणी झडतात. पुढच्या हंगामाच्या डोळ्यांत (काडीवरच्या अंकुरांत) घडनिर्मितीही कमी होते, म्हणजे यंदाच्या फुगवणीची किंमत पुढच्या वर्षीच्या वांझ काड्यांत मोजावी लागते. बियांच्या वाणांना बिनबियांचं वेळापत्रक लावूच नका, तिथं फुलोऱ्यातल्या जीएनं बारीक मणी राहतात आणि पुढची फळधारणा जास्तच घसरते.

मणी फुगवणारं दुसरं संजीवक सीपीपीयू तर आणखी तिखट. जिथं जीए 20-40 पीपीएम लागतं, तिथं हे 1-2 पीपीएमला काम करतं. मणी गोल, जाड सालीचा, टणक होतो. पण पक्वता लांबते, साखर उशिरा भरते आणि रंगीत वाणांना रंग येत नाही. बाजार लवकर गाठायचा असेल तर सीपीपीयूच्या वाटेला न गेलेलं बरं, असं माझं मत आहे. 2011 मध्ये चीनच्या जिआंगसू प्रांतात शेतातच कलिंगडं फुटल्याची बातमी गाजली होती, तेव्हा याच द्रव्याकडे बोट दाखवलं गेलं. पण पातळ सालीचा वाण, फळ मोठं झाल्यावर उशिरा केलेली फवारणी आणि वर पाऊस, हे सगळं तिथं एकत्र आलं होतं.

वेलवर्गीय पिकं आणि टोमॅटो

काकडी, दोडका, भोपळा यांत इथेफॉनची (इथिलीन वायू सोडणारं संजीवक) वेळ फार लवकर येते. रोप 2 पानांवर आणि पुन्हा 4 पानांवर असताना 100 ते 250 पीपीएम दिलं की मादी फुलं वाढतात आणि ती खालच्या पेऱ्यांपासून येतात. वेल मांडवावर चढल्यावर फवारून काही हाती लागत नाही, उलट पानं पिवळी पडतात. मात्रा वाढली तर वेल खुजा राहतो. फक्त मादी फुलं देणाऱ्या संकरित वाणांना याची गरजच नाही. बाकीच्या वाणांत अधूनमधून काही रोपं न फवारता सोडा, सुरुवातीला नर फुलंच नसली तर मधमाश्या पराग आणणार कुठून? वेलवर्गीय पिकात ‘वाढीला चांगलं’ म्हणून जीए मारू नका, त्यानं नर फुलं वाढतात.

भोपळ्याला जनावरांचं पान्ह्याचं इंजेक्शन टोचण्याचा प्रकार मधूनच ऐकू येतो. ऑक्सिटोसिन हा प्राण्यांच्या शरीरातला संप्रेरक आहे, वनस्पतीचं संजीवक नव्हे. ते फळात टोचण्याला कसलाही आधार नाही.

टोमॅटोत रात्रीचं तापमान 13 अंशांच्या खाली उतरलं किंवा दिवसाचं 35 च्या वर गेलं की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. अशा वेळी 4-सीपीए हे फळधारणेचं संजीवक उमललेल्या फुलांच्या झुबक्यावर, तेवढ्यावरच, हातपंपानं फवारलं तर फळ धरतं. शेंड्यावर गेलं तर कोवळी पानं नेच्यासारखी अरुंद आणि वळलेली येतात, त्याला विषाणूजन्य रोग समजून लोक भलतीच औषधं मारतात. एकाच फुलावर दोनदा पडलं की फळ आतून पोकळ, कोनेदार आणि टोकाला चोच आल्यासारखं होतं. हवा सुधारली की हे लगेच बंद करा.

मातीतून द्यायचं पॅक्लोब्युट्राझोल

हे झाडातल्या जिबरेलिनची (जीए त्यातलंच एक) निर्मितीच अडवतं. शाखीय वाढ थांबते आणि मोहोर लवकर, भरपूर येतो. आंब्यात मोहोराच्या 3 ते 4 महिने आधी झाडाच्या विस्ताराच्या व्यासानुसार, दर मीटरला पाऊण ते एक ग्रॅम सक्रिय घटक, आळ्यात ओलावा असताना देतात. ते मातीत वर्षाहून जास्त काळ टिकू शकतं. म्हणून दुसऱ्या वर्षी तीच पूर्ण मात्रा ओतली की नवीन पालवी आखूड, मोहोर गुंडाळल्यासारखा गच्च, आणि त्यात भुरी-तुडतुड्यांचा मुक्काम. आधीच्या वर्षाचा अंमल किती उरलाय, ते पालवीच्या लांबीवरून पाहा आणि मात्रा कमी करा. लहान, रोगट किंवा खूप फळांनी थकलेल्या झाडाला देऊ नका. आळ्यात भाजीपाल्याचं आंतरपीक असेल तर तेही खुजं राहतं.

द्रावण करताना

1 पीपीएम म्हणजे 1 लिटर पाण्यात 1 मिलिग्रॅम सक्रिय घटक. 90 टक्के जीए भुकटीचं 200 लिटर द्रावण 20 पीपीएमचं करायचं तर 4.4 ग्रॅम भुकटी लागते. ती थेट पाण्यात विरघळत नाही, तळाशी गोळ्या बसतात आणि शेवटच्या ओळींवर चौपट मात्रा जाते. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये पूर्ण विरघळवा, मग ढवळत पाण्यात ओता. एनएए 4.5 टक्केचं 10 पीपीएम हवं असेल तर साडेचार लिटर पाण्याला 1 मिली. इथेफॉन 39 टक्केचं 100 पीपीएम हवं तर 15 लिटरच्या पंपाला सुमारे 4 मिली. एवढं बारीक माप झाकणानं होत नाही, सिरिंज आणि छोटा वजनकाटा ठेवाच.

पाण्याचा सामू (पीएच) तपासा. जीएला किंचित आम्लधर्मी पाणी, 5.5 ते 6.5, मानवतं. इथेफॉन तर आम्लातच टिकतं. सामू 5 च्या वर गेला की त्यातला इथिलीन वायू टाकीतच निघून जाऊ लागतो. बोर्डो किंवा इतर विम्लधर्मी औषधांत यातलं काहीही मिसळू नका, आणि सकाळी केलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. सकाळी किंवा संध्याकाळी फवारलं तर थेंब हळू वाळतो आणि जास्त शोषलं जातं. त्यामुळे भर उन्हातला आकडा आणि ढगाळ हवेतला आकडा सारखा धरू नये. 2,4-डी वापरलेला पंप द्राक्ष, टोमॅटो, मिरचीसाठी धुऊनसुद्धा वापरू नका, वेगळाच ठेवा.

द्राक्षाच्या काडीवरचे डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावणाऱ्या मजुरांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: लावण्याच्या आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर दारू अजिबात नको. हे द्रव्य शरीरात अल्कोहोलचं पचन अडवतं. चेहरा लाल होतो, धडधडतं, माणूस कोसळू शकतो. हातमोजे आणि चष्म्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका.

माल दूरच्या बाजारात जाणार असेल तर फवारणीआधीच तिथल्या अवशेष मर्यादा आणि लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी पाहा. सीसीसीसारख्या वाढरोधकाचा अवशेष पिकात दीर्घकाळ सापडतो, आणि त्यावरून आख्खा माल परत येऊ शकतो. ‘टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर घटक आणि टक्केवारी छापलेली नसेल तर ती घेऊ नका. त्यात काय आहे ते प्रयोगशाळेच्या अहवालातच कळायचं.

आणि प्रत्येक प्लॉटमध्ये एक ओळ कोरी सोडा. फवारलेल्या आणि कोऱ्या ओळीतले सारख्याच जाडीच्या काडीवरचे घड काढणीला तोलून पाहा, साखर मोजा, आठवडाभर सावलीत ठेवून मणी किती झडतात ते बघा. टोमॅटोत दोन्हीकडची फळं आडवी कापून पोकळी तपासा. तारीख, अवस्था, मात्रा आणि त्या दिवशीची हवा वहीत त्याच पानावर लिहा.